कान बसल्याचा चहा

आमच्या घरात पाठीमागून कोणी कोणाशी बोलत नसे. काही सांगायचं असेल तर आधी समोर यायचं, समोरचं माणूस वर बघेपर्यंत थांबायचं आणि मगच तोंड उघडायचं. आप्पा आरशात बघून दाढी करत असले तर त्यांच्या खांद्यावर दोन बोटं टेकवायची. आई स्टोव्हपाशी वाकलेली असली तर तिचा पदर ओढायचा. लहानपणी हे मला चांगल्या वळणाचं लक्षण वाटे. दिघाशीला आत्याकडे गेलं की तिची पोरं शेताच्या बांधावरून घरात हाका मारत आणि आत्या परसातूनच ओ देई, कोण कुठे आहे हे न बघता. मला ती माणसं अडाणी वाटत. आत्याला मी एकदा तसं म्हणालेही. ती हसून म्हणाली, "शानी हायस. तोंड बघून बोलाया आमी काय बहिरे हाव?" मला तिचा राग आला आणि दोन दिवस मी तिच्या हातचं नीट जेवले नाही.

आमची खोली लूमच्या कारखान्याच्या डोक्यावर होती. खाली चोवीस लूम, वर चार खोल्या, त्यातली जिन्याजवळची आमची. जमीन दिवसभर पायाखाली थरथरायची. मांडणीवरचे पेले सरकत सरकत कडेला येत आणि आई येता-जाता त्यांना मागे ढकलत असे. तांब्यातलं पाणी स्थिर असतं हे मी शाळेत पाहिलं. लूमच्या आवाजाला लोक खटखट म्हणतात, पण खटखट एका लूमची असते. चोवीस एकदम चालले की तिचं जाड काहीतरी होतं आणि ते खोलीभर भरून राहतं. त्यातच आम्ही जेवायचो, त्यातच भांडायचो, त्यातच मी पाढे पाठ केले. घरात आम्ही तिघंच. आप्पा, आई आणि मी.

शुक्रवारी लूम बंद. भिवंडीत सुट्टीचा वार तोच. त्या दिवशी आमचं घर दुसऱ्याच कोणाचं तरी वाटे. आई सकाळपासून वाल सोलत बसायची, दुपारी बिरडं, तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. भाकरी थापल्याचा आवाज होतो हे मला शुक्रवारी कळायचं. शेजारच्या खोलीतलं तान्हं पोर त्या दिवशी झोपायचं नाही, त्याला शांततेची सवय नव्हती. आई एरवी बिशीत, म्हणजे लूमच्या कामगारांच्या खाणावळीत, चपात्या लाटायला जाई. बिशी दोन गल्ल्या सोडून होती. आमच्या तिघांत तिचेच कान शाबूत राहिले ते त्या चपात्यांमुळे. शुक्रवारी ती आठवड्याचं सगळं बोलून घ्यायची. आप्पा तिच्याकडे पाठ करून खिडकीत बसलेले असत. "मी काय भिंतीसंगं बोलतेय?" असं ती पुढे येऊन विचारायची. आप्पा तिचं म्हणणं या कानाने ऐकून त्या कानाने सोडतात, अशी तिची तक्रार होती. सोडण्यासाठी आधी ते कानात शिरावं लागतं, हे तिच्या किंवा माझ्या डोक्यात आलं नाही.

आप्पा खालच्याच कारखान्यात जॉबर होते. लूम चालवतो तो कारागीर, आणि बिघडलेला लूम सुरू करून देतो तो जॉबर. शेठ रशीदभाई त्यांना मिस्त्री म्हणत. आप्पांचं नाव होतं ते कानासाठी. चोवीस लूम चालू असताना दारातून आत पाऊल टाकलं की आप्पा थांबायचे, मान जरा तिरकी करायचे आणि सरळ चालत एका लूमपाशी जाऊन उभे राहायचे. त्याच लूमचं काहीतरी सैल झालेलं असायचं. धोटा, म्हणजे आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावणारा तो लाकडी होडीसारखा तुकडा, पेटीवर आपटतो त्या आवाजात फरक पडला की आप्पांना तो उडायच्या आधी समजायचा. उडालेला धोटा डोळा फोडतो, दात पाडतो. आमच्या कारखान्यात वर्षानुवर्षं कोणाला धोटा लागला नव्हता आणि सगळे ते श्रेय आप्पांच्या कानाला देत.

पुढे पुढे आप्पांनी एक नवी लकब धरली. ते स्क्रू ड्रायव्हरचं टोक लूमच्या अंगाला लावायचे आणि त्याची मूठ दातांत धरून डोळे मिटायचे. कारागीर एकमेकांना कोपराने ढोसून दाखवत, बघ, मिस्त्री लूमची नाडी बघतोय. मलाही अभिमान वाटायचा. कान गेलेला माणूस दातांनी ऐकायला लागला होता आणि आम्ही त्याला विद्या म्हणत होतो.

कारखान्यात तोंडाने बोलण्यात अर्थ नसतोच. तिथे सगळे ओठ बघतात आणि हातांनी बोलतात. प्रत्येक लूमला आकडा आणि प्रत्येक आकड्याला बोटांची खूण. अंगठा बंद, दोन बोटं ताठ, मग मूठ, म्हणजे वीस. चहा, शेठ आला, धागा तुटला, बायको बोलावतेय, सगळ्याला खुणा होत्या. उत्तर प्रदेशातून आलेला इद्रीस आणि शहापूरकडचा ठाकर हे वर्षभर शेजारी काम करून एकमेकांची भाषा न शिकता एकमेकांचं सगळं घर ओळखत होते. आप्पांच्या खुणा सगळ्यांत सुबक. बारीक हालचाल, वाया जाणारं काही नाही.

आता त्या चहाचं लिहायला हवं, कारण त्यासाठीच हे प्रकरण लिहायला घेतलं आहे.

नवीन माणूस लूमवर लागला की पहिले काही आठवडे त्याच्या कानात रातकिडे ओरडतात. शिफ्ट संपवून बाहेर आला तरी शिटी वाजत राहते, डोकं जड होतं, बायकोचं बोलणं लांबून आल्यासारखं वाटतं. कोणी कोणी पळून जात. जो टिकून राही त्याची शिटी तीन-चार महिन्यांत कमी होई, आणि मग एक दिवस तो जॉबरला येऊन सांगे की आता काही त्रास नाही. त्याला आमच्याकडे "कान बसला" म्हणत. नव्या जुवाखाली बैलाची मान बसते तसा. कान बसला की त्या माणसाने सगळ्यांना चहा आणि खारी द्यायची, आणि जॉबरने त्याच्या दोन्ही कानांना हात लावून म्हणायचं, "आता तू लूमचा." हा मान आप्पांचा होता. किती जणांच्या कानांना त्यांनी असा हात लावला असेल.

कान बसत नाही, कान मरतो. आतल्या बारीक केसांसारख्या पेशी आवाजाने आडव्या पडतात आणि पुन्हा उभ्या राहत नाहीत, हे मला फार उशिरा एका डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. शिटी हीच कानाची ओरड होती. ती थांबली की आम्ही खारी वाटायचो.

आप्पांना काहीच काळजी नव्हती असं मात्र कोणी म्हणू नये. ते फार काळजीचे होते. लूमच्या खाली पडलेलं तुटक्या सुताचं वेस्ट ते रोज थोडं वर आणत, आई ते धुऊन सुकवी, आणि रोज सकाळी आप्पा त्याचे दोन बोळे वळत, खोबरेल तेलात बुडवून कानात घालत. त्यांच्या आधीच्या जॉबरने त्यांना ते शिकवलं होतं. "तेल आवाज पितो," असं ते म्हणत. बारावीला इंग्रजीत नापास होऊन मी घरी बसले आणि आईशी रोज वाद व्हायला लागले, तेव्हा आप्पांनीच मला खाली कांडी मशीनवर लावलं. कांडी म्हणजे धोट्याच्या पोटात बसते ती सुताची नळी. ती भरायचं काम आमच्या इथे बायका करायच्या, लूमच्या शेजारीच, पत्र्याच्या आडोशाला. आप्पा रोज सकाळी मला समोर उभं करत, हनुवटी धरून मान वळवत आणि आपल्या हाताने माझ्या दोन्ही कानांत बोळे घालत. त्यांच्या बोटांना ग्रीस आणि खोबरेलाचा वास असायचा. "दुखतंय काय, बाय?" असं विचारत. मी मान हलवायची. मला वाटायचं, सगळ्या बायकांत माझे कान सुरक्षित, कारण माझे कान जॉबरने बंद केले आहेत. त्या तेलकट बोळ्याने धूळ अडत असेल, आवाज नाही. आजही मी बाजारात एखाद्या वेल्डरच्या किंवा ग्राइंडरवाल्याच्या कानात कापूस पाहिला की थांबते आणि त्याला सांगते की बाबा, हे काढ, औषधाच्या दुकानात फोमचे बोळे मिळतात ते घाल, ते चिमटून आत खोल बसवावे लागतात, आणि हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर मधूनमधून तिथून बाहेर निघ. बहुतेक जण मला खुळी समजतात. एकाने मात्र बोळे आणले होते, दाखवायला आला होता.

माझा कान तीन महिन्यांत बसला. मी जॉबरची मुलगी म्हणून आप्पा त्या दिवशी स्वतःच्या खिशातून चहा सांगायला निघाले होते, इद्रीस म्हणाला की रिवाज म्हणजे रिवाज, चहा लडकीच पाजेल. मीच पाजला. आप्पांनी माझ्या दोन्ही कानांना हात लावला, पण ते वाक्य त्यांना म्हणवेना. नुसते हसले. मी इतकी खूश होते की संध्याकाळी आईने बिशीतून आणलेली डाळ मी दोनदा मागून घेतली.

त्यानंतर दुसरं की तिसरं वर्ष असेल, एका दुपारी सतरा नंबरच्या लूमचा धोटा उडाला. इद्रीसच्या कानशिलाला चाटून तो मागच्या भिंतीवर आपटला. रक्त फार आलं नाही, पण लूम बंद करून सगळे जमले. त्या आधी अर्धा तास आप्पा त्याच लूमशेजारी उभे होते. माझ्या शेजारी कांड्या भरणाऱ्या बाईला देखील त्या आवाजातला फरक जाणवला होता, तिने तसं बोलून दाखवलं. आप्पा सगळ्यांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत राहिले. रशीदभाई भला माणूस. त्याने आरडाओरडा केला नाही. आप्पांच्या समोर येऊन, हळू, ओठ नीट दिसतील असा बोलला, "मिस्त्री, तुमने बहुत किया. अब थोडा आराम करो." म्हणजे त्याला माहीत होतं. कदाचित सगळ्यांनाच माहीत होतं आणि घरच्या आम्हा दोघींना तेवढं नव्हतं.

आराम करणारा माणूस घरात किती जड होतो ते मी तेव्हा पाहिलं. आप्पा दिवसभर जमिनीवर तळहात टेकून बसत. खालचा कुठला लूम बंद पडला, कुठला सुरू झाला, हे ते हाताने ओळखत आणि मला येता-जाता सांगत. नवा जॉबर चुकतोय हे त्यांना वरून कळे. खाली जाऊन सांगायची मात्र चोरी. जेवण कमी झालं. आईने केलेलं बिरडंही ते चिवडत बसत. आई मला जिन्यात गाठून म्हणाली, "असंच बसून ऱ्हायलं तर हा मानूस जायाचा."

त्याच सुमाराला कोन गावाच्या पुढे गोडाऊनं उभी राहायला लागली होती. तिथे दिवसपाळीचा वॉचमन हवा आहे अशी खबर आईने बिशीतून आणली. फाटकावर बसायचं, ट्रक आला की फाटक उघडायचं, वहीत नंबर लिहायचा. आप्पांचं अक्षर बरं होतं. तिथल्या साहेबाने त्यांना बघून होकारही दिला, फक्त डॉक्टरचं सर्टिफिकेट आणायला सांगितलं. डोळे, रक्तदाब आणि कान. आप्पा घरी आले तेव्हा त्यांचा चेहरा धुतल्यासारखा झाला होता. खूप दिवसांनी त्यांनी दाढी केली. मग मला समोर बसवून हाताने विचारलं, कानाचं काय करायचं?

बेत माझा होता. आप्पांवर ढकलून मला मोकळं होता येणार नाही. आमच्या गल्लीतला एक जण त्याच डॉक्टरकडे जाऊन आला होता, त्याने सांगितलं की डॉक्टर माणसाला स्टुलावर बसवतो, पाठीमागे जाऊन उभा राहतो आणि कुजबुजत आकडे म्हणतो. ते आकडे आपण परत म्हणायचे. बस, एवढीच तपासणी. मला हसूच आलं. आकड्यांच्या खुणा तर आम्हाला जन्मापासून येत होत्या. मी अर्ज लिहायला सोबत जाणार, समोरच्या बाकावर बसणार, आणि डॉक्टरचा आकडा मांडीवर बोटांनी दाखवणार. दोन दिवस आम्ही घरात सराव केला. आई दारात उभी राहून आकडे पुटपुटायची, मी खुणा करायची, आप्पा बोलायचे. एकही चुकला नाही. आई म्हणाली, "हे काय बरं न्हाय. उद्या ट्रकनं हॉर्न दिला तं?" आप्पांनी तिच्याकडून तोंड फिरवलं. आमच्या घरात याचा अर्थ एकच होता, विषय बंद.

दवाखाना कोनच्या रस्त्याला होता, एका लोखंडाच्या दुकानाच्या वर. डॉक्टर तरुण होता, कपाळावर घाम, टेबलावर तसाच राहिलेला चहा. त्याने आप्पांचे डोळे पाहिले, रक्तदाब पाहिला, सगळं ठीक. आप्पा मोठ्याने हो, नाही म्हणत होते, त्याचे ओठ बघून. मग स्टूल. डॉक्टर मागे गेला. मी बाकावर बसले, उजवा हात मांडीवर. डॉक्टरने एका हाताने आप्पांचा डावा कान दाबून धरला आणि पहिला आकडा म्हटला. बेचाळीस. माझी बोटं हलली. "बेचाळीस," आप्पा म्हणाले. सत्तर. "सत्तर." एकोणीस. "एकोणीस." आप्पांचा आवाज खणखणीत लागला होता. मला त्या क्षणी फाटकावर खुर्ची टाकून बसलेले आप्पा दिसले, अंगात खाकी सदरा.

डॉक्टर मूर्ख नव्हता. त्याने दुसऱ्या कानासाठी हात बदलला, आप्पांचे डोळे कुठे लागलेत ते पाहिलं, आणि माझ्याकडे पाहिलं. टेबलावरून आप्पांचाच केसपेपर उचलला आणि तोंडासमोर धरला.

मी वाट बघत राहिले. मला वाटलं, कागदावर काहीतरी वाचतोय, वाचून झालं की सुरू करेल. आप्पा माझ्या हाताकडे बघत होते. माझा हात मांडीवर तसाच होता. पंखा फिरत होता, चहावर साय धरली होती. मी आप्पांना डोळ्यांनीच सांगितलं, थांबा, अजून म्हटलेलं नाही. आप्पांनी मान हलवली. पुन्हा बराच वेळ गेला. मग डॉक्टरने कागद खाली घेतला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "मी किती आकडे म्हटले?"

मी म्हणाले, "अजून कुठे म्हटलेत?"

"चार," तो म्हणाला. "शेवटचे दोन मोठ्याने म्हटले."

माझा विश्वास बसेना. मला वाटलं, हा आम्हाला पकडायला खोटं बोलतोय. मी तावातावाने काहीतरी बोलायला उठले आणि आप्पांच्या चेहऱ्याकडे माझं लक्ष गेलं. ते डॉक्टरकडे बघतच नव्हते. ते अजून माझ्या हाताकडे बघत होते, त्या न हललेल्या बोटांकडे. डॉक्टर काय म्हणाला ते त्यांना पाठीमागून समजलं नव्हतं, समजायची गरजही नव्हती. जन्मभर बिघाड शोधलेला माणूस तो. माझ्या आधी त्यांना कळलं.

सर्टिफिकेट मिळालं नाही. डॉक्टर रागावला नाही, फक्त म्हणाला की फाटकावरच्या माणसाला हॉर्न ऐकू आला नाही तर तो मरेल किंवा कोणाला तरी मारेल, मी सही करू शकत नाही. मग त्याने माझं नाव विचारून एका चिठ्ठीवर ठाण्याच्या मोठ्या दवाखान्यासाठी काहीतरी लिहिलं, आणि मी काय काम करते ते विचारून घेतलं. कांडी मशीन म्हटल्यावर त्याने पेन खाली ठेवलं. आईचा तो ट्रकचा हॉर्न मला आठवला. ती खरं बोलली होती, आणि मी माझ्या बापाला मरायला पाठवायला निघाले होते, असं आज मी सरळ लिहिते. त्या दिवशी मात्र मला डॉक्टरचाच संताप आला होता.

अलीकडे सगळ्या जगाने तोंडाला मास्क लावले ना, त्या दोन वर्षांत मी दुकानात, बँकेत, रिक्षात दवाखान्यातल्या त्या बाकावर पुन्हा पुन्हा जाऊन बसले. समोरची माणसं डोळ्यांनी हसायची, भुवया उडवायची आणि त्यांच्याकडून काहीही यायचं नाही. माझा भाचा, आत्याच्या मुलीचा मुलगा, मला ओरडून सांगायचा. हाच भाचा जयंतीच्या मिरवणुकीत डीजेच्या पेटीला टेकून नाचतो. मलाही नाचावंसं वाटतं, मी रस्त्याच्या पलीकडून टाळ्या वाजवते. त्याला म्हटलं, बाबासाहेबांना अभ्यासाला शांतता लागायची, तू निदान पेटीपासून दहा पावलं लांब नाच. तो म्हणतो, मावशी, वर्षातून एकदाच असतं. खरं आहे. आणि बाकीचे दिवस मोबाइलच्या गाण्यांची ती दोन बटणं कानात असतात.

दवाखान्यातून उतरल्यावर आम्ही रिक्षा केली नाही. आप्पा मोठा रस्ता सोडून गावातल्या वाटेने निघाले. दुपार टळायला आली होती. वाटेला चारपाच घरं, त्यापुढे भाताची कापलेली शेतं. एका ओट्यावर एक बाई सुपात तांदूळ पाखडत बसली होती. तिच्या अलीकडे आप्पा थांबले. माझ्या समोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बाय, तू फुडं चाल. मागं बघू नको. मी हाक मारली का थांब."

"कशाला?"

"चाल तू."

मी चालायला लागले. मनात म्हणत होते, हाक ऐकली की गर्रकन वळेन आणि सांगेन, बघा, आहेत माझे कान, तो डॉक्टरच लबाड. मी कान देऊन चालत होते. बाईच्या ओट्यासमोर आले. तिने पाखडता पाखडता मान वर केली आणि माझ्या मागे कुठेतरी पाहिलं. पुन्हा तांदळाकडे बघायला लागली. मी दोन पावलं टाकली. तिने पुन्हा वर पाहिलं, आता माझ्याकडे, मग मागे. तिसऱ्या वेळी तिने सूप खाली ठेवलं. मला वाटलं तिला काही हवं आहे म्हणून मी तिच्याकडे पाहिलं, आणि तिचे ओठ हलले, "अगो, बाप हाका मारतोय तुझा. थांब की."

मी वळले. आप्पा जिथे होते तिथेच उभे होते. फार लांब नव्हते, पंधरा-वीस पावलं. त्यांचं तोंड अजून हलत होतं. आपला आवाज किती मोठा येतोय हे त्यांनाही ठाऊक नसावं. माझं नाव घेत होते, घरातलं नाही, शाळेत घातलेलं पूर्ण नाव. मी बघितलंय हे त्यांना दिसत होतं तरी ते थांबले नाहीत. मग त्यांनी दोन्ही हातांनी स्वतःच्या तोंडात मारून घेतलं. मी धावत जाऊन त्यांचे हात धरले. ती बाई ओट्यावरून उतरून पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि आम्ही दोघं का बोलत नाही, हातवारे कसले करतो आहोत, हे तिला कळेना. आप्पांचे हात एकच एक सांगत होते. मी लावलं. मी लावलं तुला.

घरी आल्यावर त्यांनी आईला सगळं सांगितलं. आई ओरडली नाही. तिने माझ्या पाठीमागे जाऊन मला हाक मारून पाहिली नाही, याचं मला अजून बरं वाटतं. तिने फक्त माझ्या कानांवरचे केस मागे सारले आणि बराच वेळ हात तिथेच ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी रोजच्यासारखी केस बांधून आप्पांच्या समोर उभी राहिले, बोळ्यांसाठी. आप्पांनी सदरा घातला होता. ते म्हणाले, "तू घरी बस. त्या चिठ्ठीचं बघ. आईसंगं ठाण्याला जा. आजपासनं खाली येऊ नको."

"मग मशीनवर कोण बसणार? शेठ जागा देईल दुसऱ्या बाईला."

"मी बसतो."

मला वाटलं मी ओठ चुकीचे वाचले. कांडी मशीनवर पुरुष बसत नसे. ज्या कारखान्यात मान तिरकी करून उभं राहिलं की चोवीस माणसं थांबून बघायची, तिथे आडोशाला बायकांच्या रांगेत, नव्या जॉबरच्या हाताखाली, माझ्या स्टुलावर. मी म्हणाले, "आप्पा, तिथे तुम्हाला सगळे हसतील."

"हसू देत. मना काय ऐकू येतंय?" ते म्हणाले, आणि आईकडे बघून म्हणाले, "माझं तं गेलंच हाय. त्या आवाजाला आता माझ्याकडं घेण्यासारखं काय न्हाय."

त्यांनी सात वर्षं माझ्या स्टुलावर बसून कांड्या भरल्या. माझे जेवढे कान तेव्हा उरले होते, तेवढे त्या सात वर्षांमुळे आजवर टिकले. त्यांच्यावरच मी बारावी पास झाले, टपालखात्यात लागले, कानातल्या या यंत्राच्या मदतीने का होईना पावसाचं, माणसांचं ऐकत आले. लोक विचारतात तेव्हा मी सांगते की मी आप्पांना खूप अडवलं, त्यांनी ऐकलं नाही. तसं झालं नाही. त्या सकाळी "मी बसतो" म्हटल्यावर मी एकदाच ते हसण्याचं बोलले आणि गप्प झाले. मला सुटल्यासारखं वाटलं होतं. मी ते बोलून दाखवलं नाही, तोंडावरही येऊ दिलं नाही असं मला वाटत होतं. पण आप्पा समोर उभे होते आणि तीस वर्षं त्यांनी माणसांची तोंडंच वाचली होती. त्यांनी माझ्या गालाला हात लावला, मान डोलावली आणि जिना उतरून गेले.